सुलाबाईंच्या जळक्या कॉइली

सुलाबाईंच्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, या बाईंनी भिंतीवर मिरच्या वाळत घातल्या आहेत. एका तारेवर शेजारीशेजारी शंभर-दीडशे काळपट वस्तू लोंबत होत्या. जवळून पाहिलं तर त्या लाऊडस्पीकरच्या आतल्या जळक्या कॉइली होत्या. बांगडीएवढी कागदी नळी आणि तिला चिकटून राहिलेले तांब्याच्या तारेचे चार-दोन वेढे. प्रत्येकीला एक सुती दोरी बांधलेली, दोरीला गाठी मारलेल्या आणि दोरीच्या टोकाला कापडाची एक चिंधी.

"बगा," त्यांची सून बबिता चहाचे कप ठेवत म्हणाली, "आमच्या घरात देवाच्या फोटोला खिळा मिळंना, आन् जळक्या कॉइलीला अख्खी भिंत हाय."

"देव जळत न्हाई, त्याला काय करायचा खिळा," सुलाबाई म्हणाल्या आणि आमच्याकडे वळल्या. "बसा मास्तरीणबाई. पोरीला पण बसवा. उभी कामून हाय ती, पळून जायचंय का?"

साक्षी खरंच दारात उभी होती. माझी मुलगी. वीस वर्षांची. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर झोपल्यावर मी हे लिहायला घेतलं आहे, कारण दिवसा ती कागदात डोकावेल आणि विचारेल, "आई, माझं नाव घातलंस का?" घातलं आहे. तिचं नाव वगळून सुलाबाईंविषयी लिहिता येणार नाही.

आम्ही राणीसावरगावचे. मालक, म्हणजे सिद्धोधन सर, तिथेच शाळेवर आहेत. आमच्या विहारात एक मोठा लाऊडस्पीकर आहे. लाकडी खोकं, पुढे जाळी आणि आत बारा इंची वूफर, म्हणजे जाड, खर्जातला आवाज काढणारा भाग. लिंबाजी काकांनी तो एकोणऐंशी साली हैदराबादेहून रेल्वेने आणला. तिथल्या एका सिनेमा थिएटरचं सामान विकायला निघालं होतं. गंगाखेड स्टेशनापासून पुढे त्यांनी तो डोक्यावर आणला, असं ते सांगतात. काका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. वंदना असो की कुणाचं लग्न, आवाज त्याच खोक्यातून आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. नवीन डबे पत्र्यासारखे वाजतात म्हणतात.

यंदाच्या जयंतीला कमिटीने नवं अ‍ॅम्प्लिफायर घेतलं आणि ते जोडायचं काम साक्षीला दिलं. पोरगी शिकलेली, आपलीच, मग दुसरा कशाला? संध्याकाळी मुलांनी "वाढव, वाढव" म्हणून ओरडा केला आणि तिने वाढवलं. आधी खरखर झाली, मग करपल्याचा वास आला आणि आवाज बंद. काका खुर्चीवरून उठले, खोक्यापाशी गेले, जाळीला हात लावला आणि घरी निघून गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. साक्षीने त्या रात्रीच मुलांसमोर सांगून टाकलं, "पौर्णिमेच्या आत मी तो जसाच्या तसा करून देईन."

बुद्धपौर्णिमेला चार आठवडे होते.

पहिली चूक आमची झाली. घाईघाईने आम्ही तो वूफर शहरातल्या एका दुकानात टाकला. त्यांनी वूफरचा पुढचा, आवाज काढणारा कागद फाडला, जळकी कॉइल काढून कचऱ्यात फेकली आणि आठ दिवसांनी सांगितलं, या मापाचा तयार भाग येत नाही, घेऊन जा. आमच्या हातात फक्त लोखंडी सांगाडा आणि मॅग्नेट आलं. कॉइलीची तार किती जाड होती, वेढे किती होते, किती ओहमचा स्पीकर होता, हे सांगणारी एकमेव वस्तू कचऱ्यात गेली होती.

"मॅग्नेटच्या मागे स्टिकर असतो आई," साक्षी म्हणाली. "त्यावर नंबर असतो. नंबर मिळाला की सगळं स्पेसिफिकेशन मिळतं."

स्टिकर होता, पण निळ्या रंगाखाली. कुठल्यातरी जयंतीला मुलांनी खोकं रंगवताना उत्साहाच्या भरात आतला सांगाडा, मॅग्नेट, मागचा स्टिकर, सगळंच निळं करून टाकलं होतं. साक्षीने थिनरचा बोळा फिरवला. रंग निघाला आणि त्याच्यासोबत छपाईही निघाली. उरलं ते एका अक्षराचं शेपूट.

मग तिने इंटरनेटवर शोध सुरू केला. जुन्या स्पीकरवेड्या लोकांचे गट असतात, तिथे तिने फोटो टाकले. कुणी लिहिलं, हा आठ ओहमचा. कुणी लिहिलं, जुने थिएटरचे सोळा ओहमचे असायचे. तिसऱ्याने विचारलं, विकायचा आहे का? ती जेवता जेवता फोन बघायची आणि ताटात पोळी तशीच राहायची. कॉलेजला जायचं टाळू लागली. विहाराच्या रस्त्याने जायचं नको म्हणून किराणा आणायला लांबून वळसा घालायची. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. मला झोप येईना. एका स्पीकरपायी पोरीचं वर्ष जातंय की काय, आणि वर्ष गेलं तरी चालेल, पण ती स्वतःलाच नालायक समजून बसली तर तिला त्यातून कोण बाहेर काढेल, असले विचार.

सिद्धोधन सरांच्या शाळेतल्या एका शिपायाने सुलाबाईंचं नाव सांगितलं. म्हणून आम्ही गंगाखेडला स्टेशनामागच्या त्या खोलीत आलो होतो.

सुलाबाई मूळच्या बोरीच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन गंगाखेडला आल्या. त्यांचे मालक मुंजाजी लग्नाकार्याला भोंगे भाड्याने द्यायचे, पुढे दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात बसायचे मुंजाजी. कॉइली मात्र घरी गुंडाळल्या जायच्या आणि गुंडाळायच्या सुलाबाई. मुंजाजींचा हात जड होता, केसासारखी तार तुटायची. सुलाबाई एका लाकडी ठोकळ्यावर, बाजूच्या हँडलने तो फिरवत, वेढ्याला वेढा लावत जायच्या. चुलीवर भात ठेवला की एक कॉइल, भात उतरवला की दुसरी. गिऱ्हाईक म्हणायचं, मुंजाजीच्या हाताला तोड नाही.

"मग तुम्ही सांगितलं नाही कधी?" मी विचारलं.

"काय सांगायचं? हात माझा व्हता, दुकान त्यांचं व्हतं. भांडी घासून झाल्यावर पाटी लावायची का दारावर?"

नऊ वर्षांपूर्वी मुंजाजी गेले. दुकान बंद झालं. लोकांना वाटलं कारागीर गेला. दीड वर्ष कुणी फिरकलं नाही. मग एक बँडवाला आपला फाटका स्पीकर घेऊन दारात उभा राहिला आणि मुंजाजींचा कुणी शागीर्द आहे का, असं विचारू लागला. सुलाबाईंनी स्पीकर ठेवून घेतला आणि म्हणाल्या, परवा ये. तेव्हापासून पुन्हा काम सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. लोक आता नवीनच घेतात.

भिंतीची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. कंपनीचे कागद इंग्रजीत असायचे, ते मुंजाजींनाही वाचता यायचे नाहीत आणि सुलाबाईंची शाळा तर दुसरीतच सुटलेली. एकदा एक कॉइल पार वितळून आली. वेढे किती होते कळेना, म्हणून तीनदा गुंडाळावी लागली. तेव्हापासून त्या प्रत्येक कॉइलीचे वेढे मोजून दोरीला गाठी मारतात आणि जळका तुकडा जपून ठेवतात. तुकड्यावरून तारेची जाडी कळते, गाठींवरून वेढे.

"आणि चिंधी?" साक्षीने विचारलं. आत आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"कुणाची वळखायची कशी मंग? माणूस स्पीकर उघडा आणत न्हाई. कशात तरी बांधून आणतं. त्यातली एक चिंधी फाडून घ्यायची." त्या भिंतीकडे वळल्या. "राणीसावरगाव म्हन्ता? तुमच्या गावचे तीन-चार हायती माझ्याकडं. तुमचा त्यातलाच असंल, तर तवा कशात बांधून आणला व्हता?"

मी साक्षीकडे पाहिलं. साक्षीने माझ्याकडे पाहिलं. हे एकच माणूस सांगू शकत होतं.

"तू लाव ना फोन," ती मला म्हणाली.

"तुझं काम आहे," मी म्हणाले. म्हणताना मला वाईट वाटत होतं, पण म्हणाले.

तिने फोन लावला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागलं आणि त्यांचं ओरडणं आम्हालाही ऐकू येत होतं.

"काका, मी साक्षी! विहारातला स्पीकर पूर्वी गंगाखेडला दुरुस्त केला होता का?"

"केला व्हता! मुंजाजीकडं! श्याण्णव साली!"

"तेव्हा कशात बांधून नेला होता?"

पलीकडे नुसती खरखर झाली. मला वाटलं फोन कट झाला.

"चांगुणाच्या पातळात!" काका ओरडले. "जांभळं, पिवळ्या काठाचं! एकच बरं पातळ व्हतं तिला. वापस आणलं तर त्याचा काठ फाटलेला. चार दिवस भाकर थापली न्हाई माझ्यासाठी. तू कामून ईचारायलीस?"

"काम आहे काका!"

"बरं, कर," काका म्हणाले आणि फोन ठेवला. चांगुणाबाई म्हणजे काकांची बायको. त्या जाऊन सहा वर्षं झाली आहेत.

सुलाबाई तोपर्यंत तारेखाली जाऊन एकेक चिंधी डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि एकाचं ऑपरेशन दोन दिवसांनी परभणीला ठरलं होतं. बबिता मदतीला उठली तर तिला त्यांनी हाताने अडवलं. शेवटी एक चिंधी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. जांभळी, आणि कडेला दोन बोटं पिवळं.

"ही घे," त्या साक्षीला म्हणाल्या. "ठोकळा पण ने. तार कशी धरायची ती आता बगून घे, मला पुढं वाकू देणार न्हाईत ते डाक्टर. गाठी मोज आन् गुंडाळ. एवढं शिकलीस तर एवढं जमंल."

त्यांनी तिला अर्धा तास शिकवलं. तार ओलसर बोटांतून कशी सोडायची, वेढ्यावर वेढा चढला तर मागे कसं यायचं. वेढ्यांविषयी त्या काही बोलल्या नाहीत. दोरीला पाच मोठ्या गाठी आणि जरा अंतर सोडून आठ बारीक गाठी होत्या, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन साक्षीने वहीत लिहिलं, अठ्ठावन्न वेढे. दोन दिवस ती जेवणाच्या टेबलावर ठोकळा मांडून बसली. वूफरचा नवा कागद नांदेडहून आणला. माझ्या जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून तिने त्या मॅग्नेटच्या फटीत उभ्या केल्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये बसते. डिंकाचा वास घरभर झाला. मी तिला दहा वेळा विचारलं, करंट लागणार नाही ना? आणि तिने दहा वेळा सांगितलं, अजून प्लग लावलाच नाही आई.

तिसऱ्या दिवशी सिद्धोधन सरांनी विहारातून अ‍ॅम्प्लिफायर आणलं. वूफर वाजला. पाच मिनिटं वाजला. मग यंत्र इतकं तापलं की हात ठेववेना आणि आपोआप बंद पडलं. थंड करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. साक्षीने मीटर लावून पाहिलं. म्हणाली, हा चार ओहमचा स्पीकर आहे, आणि यंत्रामागे लिहिलंय की आठच्या खाली जोडू नका. म्हणजे दुरुस्त झाला तरी विहारात चालणारच नाही. वहीत तिने तेही लिहिलं. अक्षर नीटनेटकं. मला ते नीटनेटकं अक्षर बघवेना.

"मग इतकी वर्षं चालला कसा?" सरांनी विचारलं.

"जुनं यंत्र वेगळं होतं, बाबा."

"तू काकांना काय सांगणार?"

"हेच," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पौर्णिमा सहा दिवसांवर आली होती. मीच सकाळच्या एसटीने तिला ओढत गंगाखेडला नेलं. वूफर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. काहीच झालं नाही तर निदान ती दुसऱ्या कुणाशी बोलेल, इतकाच माझा विचार होता.

सुलाबाई डोळ्यावर हिरवी झापड लावून भिंतीला टेकून बसल्या होत्या. बबिता म्हणाली, "डाक्टरानं वाकू नका म्हणून सांगितलंय, आन् ह्यांला सकाळपास्नं कुणाचा तरी स्पीकर पायजे. या, तुमचीच वाट बघायल्या."

साक्षीने सगळं सांगितलं. चार ओहम, यंत्र तापणं, वही. सुलाबाईंना त्यातलं ओहम वगैरे काही कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यांनी कागदावरची मधली टोपी सुरीने उचकटायला लावली आणि बोट आत घातलं. बोटाच्या टोकाने त्या कॉइलीवरून वर-खाली गेल्या.

"ह्ये अर्धंच हाय," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी, मोजून केलंय. पाच गाठी आणि आठ. अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न कुठून आणलंस वं? पाच इसा आन् आठ."

माझ्या आजीच्या तोंडी ऐकलेला शब्द होता. इसा म्हणजे वीस. आजी आंबे इशांनीच मोजायची. पण दोरीवरची गाठ पाहून मलाही तो आठवला नव्हता. दहाच डोक्यात आलं होतं.

"गाठ म्हणजे दहा नाही?" साक्षीने हळूच विचारलं.

"दहावर कोण गाठ मारतं? दहा मोजायला बोटं हायती की." सुलाबाईंना खरंच नवल वाटलं होतं. "हातापायाची बोटं सरली, की गाठ."

बबिता आतून हसली. "कॉलेजात पायाची बोटं मोजीत न्हाईत, आत्या."

एकशे आठ. साक्षीने वही काढली, काहीतरी गुणलं-भागलं आणि तिचा चेहरा बदलला. इतक्या आठवड्यांनी मी तो तसा पाहत होते. आठ ओहमच्या स्पीकरला मीटरवर सहाच्या आसपास दाखवतं, आणि एकशे आठ वेढ्यांचा हिशेब तिथेच येत होता, असं तिने मला नंतर समजावून सांगितलं. मला तेव्हा एवढंच कळलं, की वीज आणि यंत्र यांत ती चुकली नव्हती.

"माझीच चूक झाली," सुलाबाई म्हणाल्या. "सांगायला पायजे व्हतं. पण मला तरी काय ठाव, दुनिया दहावर गाठ मारायलीय म्हणून."

दुसरी कॉइल तिथेच गुंडाळली. साक्षी हँडल फिरवत होती, सुलाबाई डोळे मिटून मोजत होत्या. वीस झाले की "इसा" म्हणायच्या आणि बबिता दोरीला गाठ मारायची. एकदा तार वेढ्यावर चढली, ते साक्षीला दिसलं नाही, पण सुलाबाईंनी आवाजावरून ओळखलं आणि म्हणाल्या, "माघारी ये." जुनी चुकीची कॉइल साक्षीने पिशवीत टाकायला घेतली तर सुलाबाईंनी ती मागून घेतली आणि आमच्या गोधडीची चिंधी फाडून तिला बांधली. मी नको म्हणाले नाही.

पौर्णिमेला सकाळीच वूफर खोक्यात बसवला. आम्ही सांगितलं होतं, येऊ नका, धूळ आहे, पण सुलाबाई काळा चष्मा लावून बबिताबरोबर एसटीने आल्या. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या कामात त्यांनी आपण गुंडाळलेलं दुसऱ्याच्या गावी जाऊन कधी ऐकलं नव्हतं, असं बबिता मला म्हणाली. त्या बायकांत मागे, भिंतीकडे बसल्या. कुणी त्यांना ओळखत नव्हतं.

साक्षी माझ्याजवळ बसली होती. यंत्रावर कमिटीतला एक मुलगा बसेल असं ठरलं होतं. तिने स्वतःच तसं सांगितलं होतं. लिंबाजी काका पांढऱ्या कपड्यांत पुढे आले, खोक्याकडे पाहिलं, मग यंत्राजवळ बसलेल्या मुलाकडे पाहिलं.

"तू कोण?" ते म्हणाले. "ऊठ. सिद्धोधनच्या पोरीला बसव."

"काका, मागच्या वेळी तिनेच..." मुलगा बोलू लागला.

"ठाव हाय मला. ऊठ."

साक्षी उठली. यंत्रासमोर जाऊन बसली. तिने बटण अगदी थोडंसं फिरवलं. वंदना सुरू झाली. आवाज आला, पण इतका बारीक, की मागच्या बायकांना ऐकू जाईना. काकांनी कानामागे हात धरला. साक्षीने आणखी जरासा वाढवला आणि थांबली. ती त्या करपल्याच्या वासाच्या भीतीने थांबली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, बस, एवढाच राहू दे, एवढ्यावर भागव. मी तसं म्हणणारही होते.

मागून सुलाबाईंनी हात वर केला. त्यांचा आवाज काही मोठा नव्हता.

"वाढव पोरी. धरंल ती."

साक्षीने मागे वळून पाहिलं नाही. बटणावरचं बोट तिने घट्ट केलं आणि फिरवलं, अर्ध्यावर, अर्ध्याच्या पुढे. खोक्यातून तो जाड, खोल आवाज आला आणि आमच्या खालच्या सतरंजीपर्यंत पोचला. लिंबाजी काकांनी कानामागचा हात खाली घेतला.